मास्टर दीनानाथ : गाणी शंभर वर्षं गाजली, पण गाणाऱ्याच्या हाती काय राहिलं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात मोलगी नावाचं गाव आहे. आजूबाजूच्या पाड्यांवरची माणसं बाजारहाटाला इथं येतात. होळीच्या दिवसांत तर अख्खा सातपुडा ढोलाच्या तालावर असतो. आता त्या ढोलाच्या जोडीला मोबाइलही आलाय. भिली, पावरी, अहिराणी गाणी एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जातात आणि बघता बघता गाणारा पोरगा पंचक्रोशीत स्टार होतो. ‘हाई झुमका वाली पोर’ या अहिराणी गाण्यानं तर खानदेशच काय, महाराष्ट्राची वेसही ओलांडली. ज्यांना अहिराणीतलं अक्षर कळत नाही त्यांनीही त्यावर रील्स केल्या.

एक गाणं गाजलं आणि विशीतला गायक घराघरात पोचला, हे आपल्याला आजच्या काळातलं वाटतं. पण मोबाइल सोडा, घरात रेडिओही नव्हता तेव्हा महाराष्ट्रात असे स्टार होते. त्यातला एक स्टार तर खानदेशचा जावई होता.

त्याचं नाव मास्टर दीनानाथ मंगेशकर.

आज त्यांची ओळख लता मंगेशकर आणि आशा भोसले यांचे वडील अशी सांगितली जाते. पण १९२० ते १९३५ या काळात दीनानाथांना कुणाचे तरी वडील म्हणून ओळखायची गरज नव्हती. ते स्वतःच त्या काळातलं मोठं नाव होतं. मग असं काय झालं की हा माणूस वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी गेला, तेव्हा घर चालवायला १२ वर्षांच्या पोरीला कामावर जावं लागलं?

ही गोष्ट सुरू होते गोव्यातून.

मंगेशीच्या देवळातून

२९ डिसेंबर १९०० रोजी गोव्यातल्या मंगेशी गावात दीनानाथांचा जन्म झाला. आई येसूबाई राणे. देवळात गायन-नर्तनाची सेवा करणाऱ्या कलावंत समाजातल्या. वडील गणेशभट अभिषेकी, मंगेशीच्या देवळातले पुजारी.

त्या काळात अशा नात्यातून जन्मलेल्या मुलांना वडिलांचं नाव, घर आणि इस्टेट यातलं काही मिळत नसे. दीनानाथांनाही ते मिळालं नाही. मग त्यांनी आडनाव घेतलं ते गावावरून आणि गावच्या देवावरून, मंगेशकर. पुढे हे आडनाव जगभर गेलं, पण त्याची सुरुवात नाकारलेल्या आडनावातून झाली होती हे विसरायला नको.

वडिलांचं नाव मिळालं नसलं तरी आईकडून गाणं मिळालं. वयाच्या पाचव्या वर्षापासून बाबा माशेलकरांकडे त्यांची तालीम सुरू झाली. आवाज पातळ, टोकदार आणि वरच्या पट्टीत सहज फिरणारा. अशा आवाजाच्या आणि देखण्या पोराला त्या काळात एकच मोठी वाट होती, नाटक कंपनी.

किर्लोस्कर कंपनीला नवा चेहरा हवा होता

इथं थोडं मागं जायला पाहिजे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं आणि मराठी संगीत नाटकाचा जमाना सुरू झाला. संगीत नाटक म्हणजे संवादांच्या मधे मधे पदं. लोक नाटक बघायला यायचे, पण त्याहून जास्त ऐकायला यायचे. एखादं पद आवडलं की वन्समोअर. पुन्हा आवडलं की पुन्हा वन्समोअर. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालायचं ते यामुळेच.

आणि बायकांनी रंगमंचावर येणं तेव्हा समाजाला मान्य नव्हतं. त्यामुळे नायिका म्हणजे साडी नेसलेला पुरुष. यातले सगळ्यात मोठे स्टार होते नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. किर्लोस्कर कंपनीचा स्टारच गेला. आता कंपनीला नवा आवाज आणि नवा चेहरा हवा होता. अशा वेळी मंगेशीचा हा पोरगा किशोरवयातच किर्लोस्करांकडे आला. नावापुढे ‘मास्टर’ लागलं ते याच दिवसांत. कंपनीतल्या लहान वयाच्या कलाकारांना तेव्हा मास्टर म्हणायचे. पोरगा मोठा झाला तरी मास्टर हे बिरुद कायम राहिलं.

विशी गाठायच्या आधीच स्वतःची कंपनी

१९१८ साली दीनानाथांनी किर्लोस्कर मंडळी सोडली. वय होतं १७. सोबत चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे. तिघांनी मिळून बळवंत संगीत मंडळी काढली. यातले कृष्णराव म्हणजे अभिनेत्री पद्मिनी कोल्हापुरे यांचे आजोबा.

नव्या कंपनीच्या पाठीशी उभे राहिले राम गणेश गडकरी. पण २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी गडकरी गेले. जाण्याआधी शेवटच्या आजारपणात त्यांनी ‘भावबंधन’ पूर्ण केलं होतं. बळवंत मंडळीनं ते रंगमंचावर आणलं. त्यात चिंतामणराव झाले घनश्याम आणि दीनानाथ झाले लतिका.

ही लतिका दीनानाथांना इतकी जवळची होती की पुढे आपल्या मुलीचं नाव त्यांनी या भूमिकेवरून ठेवलं. जन्मानंतर हेमा असलेली मुलगी लता झाली ती अशी. म्हणजे ज्या नावाला आज अख्खा देश ओळखतो, ते नाव दीनानाथांनी साडी नेसून केलेल्या एका भूमिकेतून आलंय.

बालगंधर्वांसारखं गायचं नाही

दीनानाथांपुढे मोठी अडचण होती. रंगमंचावर बालगंधर्व होते. केशवराव भोसले होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत या दोघांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेव्हा लोक तिकिटासाठी वेडे झाले होते. पण त्यानंतर तीनच महिन्यांत, ऑक्टोबर १९२१ मध्ये केशवराव ३१ व्या वर्षी गेले. रंगमंचावर एक जागा रिकामी झाली.

बालगंधर्वांचं गाणं मऊ, लडिवाळ, ठेहराव असलेलं. त्याची नक्कल करणारे गावोगाव होते. दीनानाथांनी नक्कल केली नाही. त्यांचं गाणं वीज चमकावी तसं होतं. तीन सप्तकांत फिरणारी तान, कुठून कुठे जाईल याचा पत्ता लागू न देणाऱ्या जागा आणि पंजाबी ढंगाच्या हरकती. रामकृष्णबुवा वझे यांच्या आक्रमक गायकीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. वझेबुवांचा गंडा त्यांनी बांधला होता.

दोघांमधला फरक समजून घ्यायचा असेल तर असं बघा. बालगंधर्वांच्या गाण्यात पुढची जागा कोणती येणार हे रसिकाला कळायचं आणि ती आली की तो सुखावायचा. दीनानाथांच्या गाण्यात पुढची जागा कळायचीच नाही, आणि ती आली की तो खुर्चीतून उठायचा.

दीनानाथ आपल्या कंपनीत आले तर त्यांच्या पायाखाली रुपयांच्या पायघड्या घालू, असं खुद्द बालगंधर्वांनी जाहीर केल्याची आठवण आजही सांगितली जाते. दीनानाथ गेले नाहीत. त्यांना स्वतःची कंपनी टिकवायची होती. हा हट्टच पुढे महागात पडला.

तापीकाठचं सासर

नाटक कंपन्या तेव्हा गावोगाव फिरायच्या. सामान रेल्वेनं आणि बैलगाडीनं जायचं. खानदेशात कापसाचा पैसा होता, व्यापारी पेठा होत्या आणि १९०० च्या सुमारास सुरत-भुसावळ रेल्वे सुरू झाल्यानं नंदुरबार, अमळनेर, जळगाव ही गावं एका मार्गावर आली होती. त्यामुळे कंपन्यांच्या दौऱ्यात खानदेश असायचाच.

याच खानदेशात, तापीच्या काठावर थाळनेर आहे. एकेकाळी फारुकी घराण्याची राजधानी असलेलं, किल्ल्याचं गाव. आज ते धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात येतं. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी सातपुड्यातलं मोलगी आणि तापीकाठचं थाळनेर ही दोन्ही गावं एकाच जिल्ह्यात होती. दीनानाथांच्या काळात त्या जिल्ह्याला पश्चिम खानदेश म्हणायचे.

थाळनेरला हरिदास लाड हे गुजराती शेठ होते. व्यापार, जमीनजुमला, सगळं काही. १९२२ साली त्यांची मुलगी नर्मदा हिच्याशी दीनानाथांचं लग्न झालं. सासरी तिचं नाव श्रीमती ठेवलं. त्यांना एक मुलगी झाली, पण ती लहानपणीच गेली. १९२६ मध्ये श्रीमतीही गेल्या. पुढच्या वर्षी तिचीच धाकटी बहीण शेवंती दीनानाथांची बायको झाली. तिचं सासरचं नाव सुधामती. पुढे सगळे तिला माई म्हणायचे. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ ही माईंची मुलं.

गोव्याचा नाटकवाला आणि खानदेशातली गुजराती शेठाची मुलगी. त्यामुळे या घरात कोकणी, मराठी, गुजराती अशा सगळ्या सुरांचा संसार होता. लताबाई लहानपणी आजोळी यायच्या तेव्हा थाळनेरची आजी त्यांना गुजराती लोकगीतं, पावागढचे गरबे शिकवायची. एकीकडे वडिलांचं अभिजात गाणं आणि दुसरीकडे आजीचं अंगणातलं गाणं, अशी दोन विद्यापीठं या मुलीला एकाच वेळी मिळाली.

दीनानाथांची सगळ्यात गाजलेली गाणी कोणती?

आता मुद्द्याचं. दीनानाथांचे तेव्हाचे हिट नंबर कोणते होते?

पहिलं नाव घ्यायचं ते ‘मानापमान’चं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं हे नाटक मूळचं १९११ सालचं आणि त्याला संगीत होतं गोविंदराव टेंबेंचं. श्रीमंत भामिनी आणि गरीब पण पराक्रमी धैर्यधर यांची ही गोष्ट. ही पदं आधीच गाजलेली होती. म्हणजे आजच्या भाषेत दीनानाथांना कव्हर व्हर्जन करायचं होतं. पण त्यांनी जुन्या चाली तशाच उचलल्या नाहीत. ‘रवि मी’, ‘चंद्रिका ही जणू’, ‘प्रेम सेवा शरण’ या पदांना त्यांनी आपला रंग दिला. ‘प्रेम सेवा शरण’ भीमपलासात गायलं जायचं, ते दीनानाथ मुलतानीत गायले. शब्द तेच, पण गाणं वेगळं. ‘शूरा मी वंदिले’ आणि ‘युवती मना’ ही पदं तर त्यांच्या तानांसाठी ओळखली जाऊ लागली. २०२५ साली सुबोध भावेंचा ‘संगीत मानापमान’ सिनेमा आला. म्हणजे शंभर वर्षांनंतरही या नाटकाची गोडी संपलेली नाही.

दुसरं नाटक ‘रणदुंदुभी’. साल १९२७. लेखक वीर वामनराव जोशी, अमरावतीचे स्वातंत्र्यसैनिक. वरवर बघता हे राजेरजवाड्यांचं नाटक, पण आत सगळा मामला पारतंत्र्याचा. असं आडून बोलायची गरज का होती? कारण १८७६ च्या कायद्यानं सरकारला नाटकावर बंदी घालायचा अधिकार होता आणि १९१० मध्ये खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर बंदी आलीही होती. ‘परवशता पाश दैवे’ हे पद गुलामीचं दुःख सांगणारं आणि ‘दिव्य स्वातंत्र्य रवि’ हे स्वातंत्र्याचं स्वप्न दाखवणारं. दीनानाथ यात तेजस्विनी व्हायचे. समोर सरकारचे लोक बसलेले असले तरी गाण्यावर आक्षेप घ्यायचा कसा? नाटकातली बाई आपल्या राज्याबद्दल गातेय, असंच ते दिसायचं. पण प्रेक्षकाला बरोबर कळायचं. याच नाटकातलं ‘जगी हा खास वेड्यांचा’ मात्र एकदम वेगळ्या धाटणीचं. ठसक्यात म्हणायचं आणि ऐकणाऱ्यानं मान डोलवायची असं. एकाच नाटकात रक्त तापवणारं गाणं आणि हसत हसत शहाणं करणारं गाणं, दोन्ही एकाच गळ्यातून.

तिसरं नाटक ‘संन्यस्त खड्ग’. साल १९३१. लेखक विनायक दामोदर सावरकर. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांना राजकारणात भाग घ्यायला बंदी होती. बुद्धाच्या काळातली गोष्ट घेऊन त्यांनी शस्त्र हाती घ्यायचं की खाली ठेवायचं, हा वाद नाटकात मांडला. संगीत वझेबुवांचं. दीनानाथ सुलोचनेच्या भूमिकेत. ‘मर्मबंधातली ठेव ही’, ‘शतजन्म शोधितांना’ आणि ‘सुकतातचि जगी या’ ही पदं या नाटकातली. गंमत बघा, नाटकातला हिंसा-अहिंसेचा वाद आज फार थोड्या लोकांना आठवतो. पण पटदीप रागातलं ‘मर्मबंधातली ठेव’ मराठी माणसाच्या बोलण्यात जाऊन बसलं. मनाच्या आत जपून ठेवलेल्या गोष्टीला आपण आजही हेच शब्द वापरतो. नाटक बघितलेलं नसतं, गाणं ऐकलेलं नसतं, तरी शब्द तोंडात असतात. याहून मोठा हिट कोणता असणार?

याशिवाय गडकऱ्यांच्या ‘पुण्यप्रभाव’मधलं ‘कठीण कठीण कठीण किती’ आणि ‘सौभद्र’मधलं ‘नच सुंदरी करू कोपा’ ही पदंही त्यांच्या नावावर जमा आहेत.

यातली बरीच पदं तेव्हाच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर आली. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. नाटकात वन्समोअर घेत अर्धा तास रंगणारं पद तीन मिनिटांत बसवायचं, म्हणजे मोठीच कसरत. पण दीनानाथांच्या वेगाला हे माप मानवलं. आज त्यांचा आवाज आपल्याला ऐकायला मिळतो तो या तबकड्यांमुळेच.

मग पैसा गेला कुठे?

इतकी गाणी गाजली म्हणजे माणूस श्रीमंत झाला असेल, असं आपल्याला वाटतं. दीनानाथ काही काळ श्रीमंत होतेही. पण नाटक कंपनीचं गणित वेगळं होतं.

गाणं कितीही गाजलं तरी कंपनीत पैसा यायचा तो तिकीटखिडकीतून. आज रात्री खेळ झाला तर आज पैसा. पाऊस आला, साथ आली, गायकाचा घसा बसला की खेळ बंद. आणि खर्च मात्र बंद व्हायचा नाही. नट, गवई, तबलजी, ऑर्गनवाला, पडदे रंगवणारे, स्वयंपाकी अशी सगळी बिऱ्हाडं कंपनीच्या जिवावर असायची. रोज सगळ्यांची पंगत उठायची. वर भरजरी साड्या, दागिने, पडदे. एखादं नवं नाटक पडलं की कर्ज. आणि हे फक्त दीनानाथांचं नव्हतं. खुद्द बालगंधर्वांची गंधर्व कंपनीही कर्जात रुतली होती.

त्यात दोन धक्के एकदम बसले.

पहिला धक्का बोलपटाचा. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. आता पडद्यावरची माणसं बोलत होती, गात होती, आणि तिकीट स्वस्त. नाटक एका रात्री एकाच गावात होऊ शकतं, सिनेमा एकाच वेळी दहा गावांत लागतो. या शर्यतीत नाटक टिकणार कसं?

दुसरा धक्का म्हणजे लोकांची आवड बदलली. स्त्रिया आता रंगमंचावर येऊ लागल्या होत्या. हिराबाई बडोदेकरांची कंपनी होती. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये ज्योत्स्ना भोळे आल्या. खरीखुरी स्त्री समोर असताना साडी नेसलेला पुरुष प्रेक्षकाला खटकू लागला. ज्या भूमिकांवर दीनानाथांचं नाव उभं होतं, त्या भूमिकांचे दिवस संपत आले.

दीनानाथांनी यावर उपाय शोधला. सिनेमा जर नाटक खात असेल तर आपणच सिनेमा काढायचा. बळवंत कंपनी चित्रपटात उतरली. १९३४ साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ आला. दीनानाथ त्यात स्वतः होते, गायलेही. पण सिनेमानं कंपनीला तारलं नाही. नाटकात घसा हेच भांडवल होतं. सिनेमात कॅमेरा, स्टुडिओ, फिल्म, वितरण, सगळ्याला रोख पैसा लागतो. कर्जाचा डोंगर झाला आणि बळवंत संगीत मंडळी मोडली.

सांगलीचे आणि पुण्याचे दिवस

याच काळात सांगलीच्या घरात एक गोष्ट घडली. लताबाईंनी पुढे अनेक मुलाखतींत ती सांगितली आहे. दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्री शिकवत होते. मधेच ते बाहेर गेले. शिष्य चुकत होता. अंगणात खेळणारी छोटी लता आत आली आणि तिनं त्याला बरोबर गाऊन दाखवलं. दीनानाथांनी ते दारातून ऐकलं. बाहेरच्या पोरांना शिकवतोय आणि गवई तर घरातच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी लेकीला उठवलं आणि तंबोरा समोर ठेवला.

नंतर एकदा ‘सौभद्र’च्या प्रयोगाला नारदाचं काम करणारा नट आला नाही. तेव्हा ही चिमुरडी नारद झाली. अर्जुनाच्या भूमिकेत वडील होते. त्या प्रयोगात पोरीनं वन्समोअर घेतला. बापलेक एकत्र रंगमंचावर उभे राहिले, पण असे दिवस फार आले नाहीत.

कंपनी गेली, कर्ज राहिलं. दीनानाथ दारूत बुडाले. तब्येत ढासळली. मैफली कधी व्हायच्या, कधी नाही. कुटुंब पुण्यात आलं. ज्या माणसासाठी रुपयांच्या पायघड्या घालायची भाषा झाली होती, त्याच्या घरात महिन्याच्या खर्चाची चिंता होती.

२४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. वय ४१. मागे बायको आणि पाच मुलं. सगळ्यात धाकटा हृदयनाथ अवघ्या चार-पाच वर्षांचा.

घरातली मोठी मुलगी लता. वय १२. वडिलांचे स्नेही मास्टर विनायक यांनी मदतीचा हात दिला. त्याच वर्षी ‘पहिली मंगळागौर’ या सिनेमात लतानं छोटं काम केलं आणि गायलीही. तिला कॅमेऱ्यासमोर उभं राहणं कधीच आवडलं नाही, असं तिनं नंतर सांगितलंय. पण घरात पाच तोंडं होती. आवडीचा प्रश्नच नव्हता.

बापाचं गाणं लेकीकडे गेलं, आणि लढाईसुद्धा

इथून पुढची लताबाईंची कारकीर्द सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातल्या दोन गोष्टी दीनानाथांच्या गोष्टीशी जोडून बघायला हव्यात.

१९४९ साली ‘महल’ आला आणि ‘आयेगा आनेवाला’ देशभर वाजलं. पण त्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नावच नव्हतं. नाव होतं कामिनी, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं. तेव्हा पार्श्वगायक म्हणजे पडद्यामागचा माणूस, त्याचं नाव कशाला छापायचं, अशी पद्धत होती. लोकांनी आवाज कुणाचा म्हणून विचारणा सुरू केली आणि मग गायकांची नावं पुढे येऊ लागली.

दुसरी गोष्ट १९६० च्या दशकातली. गाणं एकदा रेकॉर्ड केलं की गायकाला एकरकमी पैसे मिळायचे. ते गाणं पुढे कितीही वर्षं विकलं गेलं तरी गायकाच्या हाती नवं काही येत नसे. लताबाईंनी रॉयल्टीची मागणी लावून धरली. या प्रश्नावर मोहम्मद रफींशी त्यांचे मतभेद झाले आणि काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत.

हे त्यांनी वडिलांकडे बघून केलं, असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण गाणं लोकांच्या ओठांवर आहे आणि गाणाऱ्याच्या घरात चूल पेटायची पंचाईत आहे, हे चित्र त्यांनी वयाच्या १२ व्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं होतं. गाण्याची किंमत काय असते हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

भारतात कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली ती २०१२ साली. तिच्यामुळे गीतकार, संगीतकारांचा रॉयल्टीवरचा हक्क आणि गायकांचे कलाकार म्हणून असलेले हक्क बळकट झाले. दीनानाथ जाऊन तोवर ७० वर्षं झाली होती.

आज काय उरलंय?

मुंबईत विलेपार्ल्याला दीनानाथांच्या नावाचं नाट्यगृह आहे. सांगलीतही आहे. पणजीच्या कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कला मंदिर आहे. पुण्यात २००१ साली त्यांच्या नावानं रुग्णालय उभं राहिलं. दर वर्षी २४ एप्रिलला त्यांच्या स्मरणार्थ पुरस्कार दिले जातात. ज्याला जन्मानं आडनाव मिळालं नव्हतं, त्याचं नाव आज इमारतींवर कोरलेलं आहे.

पण दीनानाथ खरे भेटतात ते गाण्यात. वसंतराव देशपांडेंवर दीनानाथांच्या गायकीचा ठसा होता, आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मधून ती बेधडक, आक्रमक तान नव्या पिढीला ऐकायला मिळाली. त्या नाटकाला संगीत दिलं होतं जितेंद्र अभिषेकींनी. तेही मंगेशीचेच. २०२२ च्या ‘मी वसंतराव’ या सिनेमात अमेय वाघनं दीनानाथ साकारले आणि त्यांचं नाव पुन्हा एकदा तरुण पोरांच्या मोबाइलवर आलं. शास्त्रीय संगीताच्या स्पर्धेत आजही एखादं शाळकरी पोर ‘शूरा मी वंदिले’ म्हणतं, तेव्हा ते शंभर वर्षांपूर्वीच्या विशीतल्या एका गायकाची वाट चालत असतं.

दीनानाथांचं काय चुकलं? गाण्यात तर काहीच चुकलं नाही. गाणं पोचवायचं साधन बदललं, तबकडी आली, बोलपट आला, आणि पैसा कुठून कुठे वाहतोय हे त्यांना वेळेत उमगलं नाही. आज पुन्हा तसंच झालंय. गाणं आता फोनमध्ये आहे. सातपुड्यातल्या आणि तापीकाठच्या एखाद्या पोरानं केलेलं गाणं महिन्याभरात कोट्यवधी लोक ऐकू शकतात. त्या गाण्याचे हक्क कुणाच्या नावावर आहेत, करारात काय लिहिलंय, सही कुणी केलीय, हे प्रश्न तेव्हाही कंटाळवाणे होते आणि आजही आहेत.

पण गाणं लोकांचं झाल्यावर गाणाऱ्याच्या पदरात काय पडणार, हे याच कंटाळवाण्या प्रश्नांवर ठरतं. दीनानाथांना ‘मर्मबंधातली ठेव’ महाराष्ट्राला देता आली. स्वतःच्या मुलांसाठी मात्र त्यांच्याकडे गळा सोडून दुसरी ठेव उरली नव्हती. ती त्यांच्या मुलांनी जपली आणि त्याच ठेवीवर मंगेशकरांचं घर पुन्हा उभं राहिलं.